अंगावर वागवायचा फोन : पाऊच शिवता शिवता कळलेल्या गोष्टी

कराडला आमचं पिशव्या शिवायचं दुकान आहे. पूर्वी शाळेची दप्तरं, बाजाराच्या पिशव्या, एसटी कंडक्टरांच्या चामडी बॅगांची डागडुजी असं काम चालायचं. मग त्यात मोबाईलचे पाऊच आले आणि बघता बघता निम्मंअधिक काम तेच झालं. कराड कृष्णा-कोयनेच्या संगमावर. पश्चिमेला पाटण आणि कोयनानगर, उत्तरेला सातारा, आणि थोडं खाली उतरलं की सांगली जिल्हा लागतो: पलूस, विटा, तासगाव, त्यापलीकडे आटपाडी आणि जत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आटपाडी-जतला पाचशेच्या आत-बाहेर. या दोन टोकांची माणसं आमच्या एकाच टेबलासमोर उभी राहून पाऊच मागतात. दोघांना एकच पाऊच देऊन चालत नाही, हे कळायला शिलाईपेक्षा जास्त वेळ लागतो.

फोन आता कामाची वस्तू झाली आहे. अंगणवाडी सेविकेला २०२१ पासून पोषण ट्रॅकर ॲपवर रोजची नोंद करावी लागते. आशाताई घरोघरी फिरून माहिती भरतात. शेतकऱ्याला ई-पीक पाहणीसाठी फोन घेऊन स्वतःच्या वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो; तो काढला नाही तर पीक सातबाऱ्यावर चढत नाही. म्हणजे चिखलात, उसात, पावसात, उन्हात फोन बरोबर न्यायचा आणि दोन्ही हात मात्र कामाला मोकळे हवेत. एवढ्या महत्त्वाच्या वस्तूचं घर आपण दुकानात टांगलेल्यांतून रंग बघून उचलतो. म्हणून हे लिहायला बसले.

१. आधी माणूस, मग फोन

गिऱ्हाईक फोन टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, “याला बसेल असा द्या.” मी फोन बाजूला सरकवते आणि विचारते: नेसता काय? काम उभ्यानं की बसून? गाडी चालवता? फोन दिवसातून किती वेळा काढावा लागतो? डावखुरे आहात का? शेवटचा प्रश्न ऐकून लोक चमकतात. पण पाऊचचं तोंड कुठल्या अंगाला हवं ते त्याच्यावरच ठरतं.

माप घेणं त्यामानानं सोपं. हल्लीचा मोठा फोन सोळा-सतरा सेंटिमीटर लांब, आठेक सेंटिमीटर रुंद आणि दोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो. कव्हर चढवूनच मोजायचा. नुसती लांबी-रुंदी धरू नका, टेप फोनभोवती पूर्ण गुंडाळा आणि त्यात अर्धा इंच सैल सोडा. विकतचा पाऊच घेताना फोन आत घालून तो एका हातानं, न बघता, काढून बघा. दोन हात लागले तर तो पाऊच ठेवून द्या.

२. वाकून बघा, उकिडवं बसून बघा

आरशासमोर ताठ उभं राहून पाऊच छान दिसतो, पण काम कोणी ताठ उभं राहून करत नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वर तालुक्यांत भातलावणीला बाई दिवसभर कमरेत वाकलेली असते. गळ्यातला पाऊच तेव्हा सरळ खाचराच्या पाण्यावर लोंबतो आणि प्रत्येक रोपाला हनुवटीवर आपटतो. तिला पाठीकडून किंचित बाजूला बसणारा कमरेचा पाऊचच हवा, आणि तोही घट्ट. अंगणवाडीत सेविका बाळाचं वजन घ्यायला उकिडवी बसते. तिचा कमरेचा पाऊच नेमका पुढे असेल तर त्याची कड मांडीत रुतते. गाडीवाल्याचं आणखी वेगळं. कुल्ह्याच्या हाडावर किंवा माकडहाडावर फोन बांधून गाडी चालवू नये, कारण पडलो तर रस्ता आणि हाड यांच्यामध्ये तो कडक चौकोन येतो. पोटाच्या बाजूला, थोडा तिरका, हे त्यातल्या त्यात बरं.

दुकानात कुणाला संकोच वाटतो, म्हणून मीच आधी पाऊच बांधून बसून-उठून दाखवते. मग गिऱ्हाईकही बसतं.

३. साडीला खिसा नसतो

या धड्यावर मी सगळ्यात जास्त कापड खर्च केलं आहे.

पुरुषाच्या शर्टाला खिसा, पँटला चार खिसे, बंडीला आतून चोरखिसा. साडी नेसणाऱ्या बाईच्या हातात सरकारनं फोन दिला, ॲप दिलं, पण तो ठेवायचा कुठे हे कुणी सांगितलं नाही. मग तो ब्लाउजमध्ये जातो. घामानं फोनची छिद्रं भरतात, अंगाची ऊब लागून फोन तापतो, आणि चार माणसांत तो काढायचा म्हणजे परीक्षाच. एका सेविकेनं मला सांगितलं, “ताई, फोन वाजला की मी आधी भिंतीकडं तोंड करते.” हे वाक्य ऐकल्यापासून बायकांच्या पाऊचचं काम मी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही.

आमच्या आज्यांपाशी याला उत्तर होतं. नऊवारीचा ओचा होता आणि चंची होती. लांबट कापडाची चंची, आत दोन-तीन कप्पे. पानाची जागा ठरलेली, सुपारीची ठरलेली, चुन्याच्या डबीची ठरलेली. गुंडाळायची, दोरीनं आवळायची आणि कमरेला खोचायची. चेन नाही, बटण नाही, तरी अडकित्तासुद्धा कधी पडत नसे. काळोखात हात घातला तरी हवी ती वस्तू बोटाला लागे. पाऊच शिवताना मी त्यातल्या दोन गोष्टी उचलल्या: प्रत्येक वस्तूला ठरलेला कप्पा, आणि तोंड गुंडाळून मिटणं. फोन मात्र चंचीसारखा वळत नाही, म्हणून त्याला खोचून भागत नाही, पट्टा लागतोच.

पट्टा कुठे बसतो इकडे नीट लक्ष द्या. पाचवारीखाली परकर असतो आणि परकराची नाडी वर्षानुवर्षं त्याच रेषेवर काचत असते. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी बीएमजे केस रिपोर्ट्स या नियतकालिकात दोन बायकांची हकिगत मांडली होती. घट्ट आवळलेल्या नेसणीनं कमरेला झालेली जखम भरलीच नाही आणि शेवटी त्या जागी त्वचेचा कर्करोग झाला. असं क्वचित होतं. पण काळे पडलेले वळ, सोललेली कातडी, घामोळं हे मला माप घेताना कितीतरी कमरांवर दिसतं. त्याच रेषेवर आणखी एक अरुंद पट्टा आवळणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण. म्हणून बायकांच्या पाऊचला मी दोन इंच रुंदीची मऊ सुती निवार वापरते, आणि ती नाडीच्या गाठीखाली, कुल्ह्याच्या हाडावर बसवते. वजन हाडानं पेलायचं, पोटानं नव्हे. नाडीला हूक लावून पाऊच अडकवायची पद्धत आहे, ती तर सोडाच.

डावीकडे की उजवीकडे? पदर उजव्या कमरेवरून वर डाव्या खांद्यावर जातो. उजवीकडे पाऊच बांधला तर तो पदराखाली झाकला जातो. एसटीच्या गर्दीत, बाजारात हे चांगलं. पण काढताना दर वेळी पदर सारावा लागतो. डावी बाजू मोकळी, हात पटकन पोचतो. अंगणवाडीत, घरभेटीत ही सोयीची. म्हणून मी पट्ट्यावर सरकणारा पाऊच करते. रस्त्यात उजवीकडे सारायचा, कामावर डावीकडे. तिरका खांद्यावरून जाणारा पट्टा बऱ्याच बायकांना नको असतो. छातीवरून पट्टा जातो आणि लोकांची नजर तिथे जाते, हे त्या स्पष्ट सांगतात. त्यांचं ऐकावं.

पंजाबी ड्रेसला शिंपी बाजूचा खिसा लावून देतो, पण दोनशे ग्रॅम वजनानं कुडता एका अंगाला ओढला जातो. खिशाच्या वरच्या टोकापासून खांद्याच्या शिलाईपर्यंत आतून एक पातळ पट्टी टाकायला सांगा. ओढ जाते आणि कुडता फाटतही नाही.

४. गळ्यातली दोरी झटक्यासरशी सुटलीच पाहिजे

गळ्यात अडकवायचे पाऊच स्वस्त, सुटसुटीत आणि सगळ्यात धोक्याचे. आमच्या भागात घरोघरी जनावरं, त्यामुळे कडबाकुट्टीही घरोघरी. ओढणी किंवा पदर यंत्रात गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. गळ्यातली नायलॉनची दोरी तर ओढणीपेक्षा चिवट, ती तुटतच नाही. कडबाकुट्टी, मळणी यंत्र, गिरणीचा पट्टा, रसाचा चरक यांच्याजवळ जाताना गळ्यात काहीही लोंबतं नको. गाडीवर मागं बसणाऱ्याच्या दोरीलाही चाक आहेच.

तरीही दोरी हवीच असेल तर मानेमागं तिला तोडून दोन बोटं वेल्क्रोचा जोड घाला. बाजारात दाबताच सुटणारी प्लॅस्टिकची सुरक्षा क्लिप मिळते, तीही चालते. विकत घेताना दोरीत बोट अडकवून जोरात हिसका द्या. सुटली तर घ्या. लहान मुलांच्या गळ्यात फोनचा पाऊच घालायचाच नाही. पोराच्या हौसेखातर मागायला येणाऱ्यांना मी नाही म्हणते, आणि कारणही सांगते.

ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे त्यांनी फोन त्यापासून निदान पंधरा सेंटिमीटर दूर ठेवावा, असं डॉक्टर सांगतात. म्हणजे गळ्यातला पाऊच बाद आणि बंडीचा छातीवरचा खिसाही बाद. लोहचुंबकाचं झाकण असलेला पाऊच तर त्यांनी घेऊच नये. आजोबांसाठी पाऊच न्यायला आलेल्या नातवंडांना मी हे न चुकता विचारते.

५. कापड वॉटरप्रूफ असतं, टीप नसते

पावसाचा पाऊच मागणारा माणूस कापडावर पाणी ओतून बघतो. पाणी घरंगळतं, तो खूश होतो. पण पाणी कापडातून येत नाही, ते सुईच्या भोकांतून येतं. एका पाऊचला शेकडो टाके, म्हणजे शेकडो भोकं. शिलाई आतल्या बाजूला वळवलेली आहे का, तिच्यावर पट्टी चिकटवलेली आहे का, निदान मेण चोळलेलं आहे का, हे बघा. चेनवर झाकणाची पाळ हवी आणि ती चेनच्या खाली दोन बोटं तरी उतरलेली हवी.

दुसरा चोर म्हणजे पट्टा. कोयनेकडच्या पावसात छत्री-रेनकोट असूनही मान भिजते, आणि मानेवरचं पाणी दोरीवरून ओघळत सरळ पाऊचच्या तोंडात उतरतं. दोरी पाऊचला जिथे मिळते त्याच्या चार बोटं वर एक गाठ मारा आणि गाठीची दोन टोकं खाली लोंबती ठेवा. पाणी टोकांवरून गळून जातं. याला पैसा लागत नाही. पाऊचच्या तळाला एक छोटं आयलेट ठोकून घ्या. आत आलेलं पाणी थांबून राहणं जास्त वाईट.

पारदर्शक प्लॅस्टिकचा घट्ट मिटणारा पाऊच पावसात खरा उपयोगी. घेतल्यावर त्यात आधी कोरडा कागद घाला, मिटा आणि रात्रभर बादलीत बुडवून वजन ठेवा. सकाळी कागद कोरडा निघाला तरच फोन आत घाला. मात्र त्यातून काढलेला फोटो धुरकट येतो आणि पावसाचे थेंब पडले की पडद्यावर बोट नीट चालत नाही. शिवाय ओलसर हवा आत कोंडली तर उबेनं आतूनच दव धरतं. आत सिलिका जेलची पुडी टाका, संध्याकाळी पाऊच उघडून दोन्ही वेगळे सुकवा.

फोन आयपी ६८ आहे म्हणून पाऊच नको, असं सांगणारी तरुण मुलं येतात. त्यातला ६ धुळीसाठी, ८ पाण्यात बुडण्यासाठी, आणि ती चाचणी नव्या फोनची, स्वच्छ गोड्या पाण्यातली. फोन पडला, उघडून दुरुस्त केला, रबर जुनं झालं की तो भरवसा कमी होतो. फोन भिजलाच तर बंद करा, पुसा, हवेशीर ठेवा आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंगला लावू नका. तांदळात पुरून ठेवायची पद्धत सोडून द्या. तांदळाची भुकटी छिद्रांत जाऊन बसते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्यानंतर सांगली, पलूसकडची माणसं पाऊच मागताना आधी पाण्याचं विचारतात. पूरपट्ट्यातल्या घरांसाठी माझं सांगणं एवढंच: फोन, आधार कार्ड, पासबुक मावेल असा घट्ट मिटणारा पाऊच घ्या, तो भगवा किंवा पिवळा घ्या आणि मिटताना आत थोडी हवा राहू द्या. हवा असली की तो तरंगतो आणि रंग लांबून दिसतो.

६. पूर्वेला उन्हाची गोष्ट वेगळी

जत, आटपाडी, माण, खटाव इकडच्या माणसाला पावसाचं इतकं सोयरसुतक नाही. त्याला ऊन. काळं रेक्झिन स्वस्त आणि दिसायला झोकदार, पण मे महिन्यात दुपारी गाडीवर त्याच्या आत फोन भाजून निघतो. फोन बनवणाऱ्या कंपन्या साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगतात, आणि आपल्याकडे पारा चाळिशी गाठतो. पडदा आपोआप मंद होणं, चार्जिंग थांबणं ही त्याची तक्रार असते. फिकट रंगाचा कॅनव्हास घ्या, पाठीमागून जाळीचं कापड लावून घ्या म्हणजे अंग आणि फोन यांच्यामधून वारा जाईल. पॉवर बँक आणि फोन एका कप्प्यात नकोत. पाऊचमध्ये असताना फोन चार्ज करू नका.

माणकडून एकजण आले होते, दूध संकलनाचं काम करणारे. “तुमचा पाऊच आटला,” म्हणाले. कॅनव्हास धुतल्यावर थोडा आटतो हे खरं, म्हणून मी टेप लावला. पाऊच होता तेवढाच होता. मग फोन टेबलावर पालथा ठेवला आणि बोटानं एका कोपऱ्याला दाबला, तर तो भोवऱ्यासारखा फिरला. पाठ फुगली होती. बॅटरी फुगली की फोन मधे उचलतो, आणि ते डोळ्यांना दिसायच्या आधी पाऊचला जाणवतं. त्यांना तसाच फोन बंद करून दुरुस्तीवाल्याकडे पाठवलं. रोज सरकन जाणारा फोन एक दिवस पाऊचमध्ये अडायला लागला, तर पाऊचला दोष देण्याआधी फोनची पाठ बघा. फुगलेला फोन दाबून आत कोंबू नका, टोचू नका. त्यातून आग लागू शकते.

७. मिटायचं कशानं

माळरानावर काम असेल तर वेल्क्रो घेऊ नका. पावसाळा सरला की माण-आटपाडीच्या माळांवर कुसळी गवत वाळतं, आणि त्याची कुसळं धोतरात, मेंढरांच्या लोकरीत जशी घुसतात तशीच वेल्क्रोत घुसतात. एकेक उपटायला दाभण लागतं आणि तरी पकड परत येत नाही. मेंढपाळांना, पवनचक्क्यांच्या कामावर असणाऱ्यांना मी गुंडाळून हुकात अडकवायचं तोंड देते. वेल्क्रोचा करकर आवाजही काहींना नको असतो. झोपलेल्या बाळंतिणीच्या खोलीत तो फार मोठा वाटतो, हे मला एका आशाताईंनी सांगितलं.

तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांनी धातूची चेन टाळावी. बागेत बोर्डो मिश्रण फवारतात, त्यात मोरचूद असतो आणि मोरचूद लोखंड-जस्त खातो. एका हंगामात रनर घट्ट होऊन बसतो. प्लॅस्टिकच्या दातांची जाड चेन घ्या, आठवड्याला मेणबत्ती घासा. फवारणीला जाताना पाऊच बांधावर काढून ठेवा. औषध लागलेला पाऊच घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. उसातल्या लोकांचं दुखणं म्हणजे पाल्याची कूस, ती विणीच्या कापडात रुतून कमरेला टोचत राहते. त्यांना गुळगुळीत नायलॉन बरं. सांगलीच्या हळद बाजारातल्या हमालांना झाकणाची पाळ तिन्ही बाजूंनी लागते, नाहीतर चार्जिंगचं भोक हळदीनं भरतं.

लोहचुंबकाचं झाकण झटकन मिटतं, म्हणून तरुणांना आवडतं. पण फोनमधलं होकायंत्र चुंबकानं बिघडतं, दिशा चुकीची दाखवतं. जमिनीची मोजणी, सर्व्हे, डोंगरात भटकंती ज्यांची असते त्यांनी साधं टिच बटण बघावं.

८. कंडक्टरचं यंत्र

फोनसारखंच अंगावर वागवायचं आणखी एक यंत्र आमच्या टेबलावर येतं. एसटी १ जून १९४८ ला सुरू झाली, आणि तिकिटांचा ट्रे व टिकटिक वाजणारा चिमटा कित्येक दशकं चालला. आता तिकिटाचं यंत्र. कंडक्टरला उभ्यानं, हलत्या गाडीत, एका हातानं दांडी धरून यंत्र चालवायचं असतं. त्याच्या कव्हरला चार गोष्टी लागतात. कागद बाहेर येतो ती वरची फट पूर्ण मोकळी. कागदाची गुंडाळी बदलायला कव्हर काढावं लागू नये. यूपीआयचा कोड प्रवाशाकडे वळवता यावा. आणि मागून तळहाताचा पट्टा. हा पट्टा इलॅस्टिकचा नको, तो दोन महिन्यांत सैल पडतो. बकलची निवार बरी.

तिकिटाचा कागद उष्णतेनं छापला जाणारा असतो, तापला की काळा पडतो. जादा गुंडाळ्या इंजिनाच्या बाजूला किंवा काळ्या रेक्झिनच्या कप्प्यात ठेवू नका. कंडक्टर मंडळी पैशांची चामडी बॅग एका खांद्यावर आणि यंत्र त्याच खांद्यावर घेतात. दोन खांद्यांवर दोन पट्टे, फुली पडेल असे घ्या; दिवसअखेर मान इतकी दुखत नाही, असं पट्टे बदलून नेलेले सांगतात.

९. वारीतला आणि घाटातला

ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम होतात. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ, टाळाची दोरी, कधी वीणा. त्यात पाऊचची तिसरी दोरी घातली की गुंता. त्यांना धोतराच्या किंवा साडीच्या आत, पोटावर सपाट बसणारा कापडी पाऊच लागतो. तो गर्दीत चोरापासूनही राखतो. आत नाव-गाव आणि दिंडी क्रमांक लिहिलेला कागद ठेवा, कारण फोन बंद पडला की तोंडपाठ नंबर कुणालाच येत नाही.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याला धावतात. धावणाऱ्यांना दंडाला बांधायचा पट्टा मी सुचवत नाही. एका हातावर दोनशे ग्रॅम, एकवीस किलोमीटर, म्हणजे खांदा तक्रार करणारच. ताणणारा, उड्या न मारणारा कमरेचा पट्टा घ्या आणि शर्यतीच्या दिवशी नवा पट्टा वापरू नका.

१०. शिलाई उलटी करून बघा

विकतचा असो की शिवून घेतलेला, पाऊच आतून बाहेर उलटा करा. जिथे पट्टा जोडला आहे तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी टीप हवी. एकेरी आडवी टीप असेल तर तिथूनच उसवणार. नायलॉनच्या निवारीचं कापलेलं टोक मेणबत्तीवर धरून भाजलेलं असावं, नाहीतर धागे सुटतात. सुती निवारीचं टोक दुमडून शिवलेलं असावं. बकल दोन्ही हातांनी ओढा. अस्तर मऊ आणि फिकट रंगाचं घ्या, काळ्या अस्तरात सिमकार्डाची पिन कधी सापडत नाही. चामड्याचा पाऊच देखणा आणि टिकाऊ, पण पाटण-महाबळेश्वरकडे आषाढात त्याला बुरशी धरते. तिकडे तो दिवाळीनंतर वापरा.

११. आता देणाऱ्यांना एक मागणं

माझ्याकडे पाऊच शिवून नेणाऱ्या बहुतेक बायका पैसे पदरचे घालतात. ज्या फोनवर त्या सरकारचं, बँकेचं, कारखान्याचं काम करतात, त्याच फोनसाठी. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी मिळालेले फोन परत केले होते, ते निकृष्ट फोन आणि इंग्रजीतलं ॲप यांच्या विरोधात. फोन कसा असावा हे वापरणाऱ्या बायकांना कळतं, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. तो अंगावर कसा वागवावा हेही त्यांनाच कळतं.

जिल्हा परिषदा, कारखाने, पतसंस्था, ज्यांच्या कामासाठी माणसं फोन घेऊन वाड्यावस्त्या पालथ्या घालतात, त्या सगळ्यांनी फोनच्या मंजुरीतच पाऊचचे पैसे धरावेत. एका मापाचे हजार पाऊच लांबून मागवण्यापेक्षा त्या त्या तालुक्यातल्या बचत गटाला शिवायला द्यावेत. जावळीच्या गटाला पाऊस माहीत आहे, जतच्या गटाला ऊन. आणि कापड फाडण्याआधी जिच्या कमरेला तो बसणार आहे तिला समोर उभं करून, वाकायला सांगून, माप घ्यावं.